सोनं घ्या, पण झाड कोणतं?

निसर्गाशी नातं जोडा असं सांगणाऱ्यांचा हल्ली सुळसुळाट झाला आहे. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, अनवाणी गवतावर चाला, आणि त्यासाठी दोन दिवसांच्या शिबिराचे पैसे भरा. पुण्या-मुंबईची मंडळी भरतात. त्यांचा पैसा, त्यांची हौस. माझं भांडण त्यांच्याशी नाही, आपल्या रिसोडकरांशी आहे. कारण आपण छाती फुगवून म्हणतो, "आम्हाला कशाला हवं शिबिर? आम्ही तर मातीतलीच माणसं!"

मातीतली? मग दसऱ्याला काय करतो आपण? सोनं म्हणून जे पान एकमेकांच्या हातावर ठेवतो, ते पुष्कळदा आपट्याचं नसतंच, कांचनाचं असतं. दोन्ही झाडं एकाच कुळातली, पानं दोघांचीही दुभागलेली. पण आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं चांगलं मोठं. शेजारी शेजारी ठेवली तर चौथीतलं पोरगं फरक सांगेल. ठेवतो कोण? फांद्याच्या फांद्या ओरबाडून बाजारात येतात, आपण भाव करतो, आणि रात्री सगळं सोनं उकिरड्यावर. वटपौर्णिमेला तेच. ज्या वडाची फांदी तोडून आणली, त्याच्याकडेच नवऱ्याचं आयुष्य मागायचं!

सोयरीक जुळवताना आपण मुलीच्या मामेकुळापर्यंत चौकशी करतो. धुऱ्यावरच्या झाडाला मात्र 'असंच काहीतरी झुडूप'. ओळख नाही तर नातं कसलं?

ही ओळख मोडली कशी, तेही सांगतो. आपल्याकडे सोयाबीन आलं त्याआधी एकाच वावरात ज्वारी, तूर, मूग, उडीद, अंबाडी, तीळ अशी सरमिसळ असे. निंदणाला बाया बसत तेव्हा प्रत्येक रोपटं हाताखालून जाई. तरोटा कोवळा असला तर ओट्यात, घोळ आणि चिवळ भाजीला, अमुक गवत म्हशीला, तमुक धुऱ्यावर फेकायचं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई पंचवीस-तीस वनस्पती सहज ओळखे. आज खरिपात जिकडे तिकडे सोयाबीन, आणि एका दुपारी पंप पाठीवर घेऊन तणनाशक मारलं की काम संपलं. तरोटा, घोळ, चिवळ या सगळ्यांचं मिळून आता एकच नाव: तण. ज्वारी गेली, तिच्यामागे कडबा गेला, कडब्यामागे बैल. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. मजूर मिळत नाही, घरात नगद पैसा लागतो. पण मग निदान 'आम्ही मातीतले' ही बढाई तरी मारू नये.

सरकारी वृक्षलागवडीचे आकडे मात्र आपल्याला पाठ. 2016 साली 2 कोटी, 2017 साली 4, 2018 साली 13, 2019 साली 33 कोटी. रोपासोबत फोटो काढणाऱ्याला विचारा, हे रोप कशाचं? तो खड्ड्याकडे न पाहता कॅमेऱ्याकडे पाहतो.

आणि लोणार! आपल्या शेजारचं. 2020 च्या जूनमध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं तेव्हा जो तो व्हॉट्सॲपवर तो फोटो पुढे ढकलत होता. पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाणी तपासून सांगितलं की हा रंग खारटपणात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. ते वाचलं किती जणांनी? आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांना अजून तो चमत्कारच वाटतो.

एक पुतण्या म्हणतो, काका, मोबाईल झाडापुढे धरला की नाव येतं. येतं, आणि चांगलंच आहे. पण ते झाड फुलतं कधी, त्याचा पाला बकरी खाते की नाही, बहरात त्यावर कोणता पक्षी येतो, हे त्याच झाडाशी वर्षभर येत-जात राहिलं तरच कळतं. त्याला ना शिबिराची फी, ना गाडीभाडं. स्वतःच्या धुऱ्यापर्यंत पायी जावं लागतं, एवढंच.

येत्या दसऱ्याला सोनं घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी दारातच विचारणार आहे, झाड कोणतं आणि कुणाच्या धुऱ्यावरचं? काहींना राग येईल. येऊ द्या. चहा तरीही मिळेल.