आपल्याकडे कुठे असते थंडी?

पुण्यात ऑफिसमध्ये कुणी विचारलं, "नांदेडला थंडी असते का रे?" की माझं उत्तर ठरलेलं असायचं. आमच्याकडे ऋतू दोनच, उन्हाळा आणि कडक उन्हाळा. सगळे हसायचे, मीही हसायचो, आणि चहा संपवून परत आपापल्या जागेवर. या विनोदाला मी आता हसत नाही. कारण आमच्याकडची घरं याच विनोदावर विश्वास ठेवून बांधली जातात, आणि तशाच एका घरात गेल्या डिसेंबरात एका सकाळी माझी आजी हाका मारूनही उठेना.

सांगतो.

आई-पप्पांचा फ्लॅट नांदेडला, कौठ्यात. पाचवा मजला, वर गच्ची, उत्तरेला सगळं मोकळं. (बुकिंगच्या वेळी 'हवेशीर' म्हणून याचेच जास्तीचे पैसे मोजलेत!) आजी मूळची लातूर जिल्ह्यातली, औसा तालुक्यातली. गुडघे थकल्यापासून आमच्याकडे असते. तिची खोली उत्तरेची. हिवाळा लागला की तिथली खिडकी बंद असली तरी पडदा हलतो. तीन हिवाळे तो पडदा आमच्या डोळ्यांसमोर हलत होता आणि आम्ही काय केलं? आजीला आणखी एक स्वेटर आणलं.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. उदबत्ती पेटवली आणि बंद खिडकीच्या कडेकडेनं फिरवली. तुम्हीही आज रात्री करून बघा, फुकट आहे. धूर सरळ वर गेला पाहिजे. आमच्याकडे तो तीन ठिकाणी आडवा झाला. दोन सरकते पल्ले मध्ये जिथे एकमेकांवर येतात ती उभी फट, खालचा ट्रॅक, आणि चौकट व भिंत यांच्यामधली भेग. ट्रॅकला पावसाचं पाणी जायला भोकं ठेवतात, ते ठीक आहे. पण पल्ल्याच्या कडेला जो केसाळ ब्रश असतो तो कुठे झिजलेला, कुठे मुळात बसवलेलाच नाही.

आता साधा हिशोब. चार फूट बाय चार फुटांची खिडकी. चारी बाजू आणि मधली फट मिळून वीस फूट, म्हणजे सहा मीटर. फट सरासरी फक्त २ मिलिमीटर धरा. झालं १२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे भिंतीला ११ बाय ११ सेंटिमीटरचं भोक. भिंतीला तळहाताहून मोठं भोक पाडून कुणी आपल्याला फ्लॅट विकला तर आपण कोर्टात जाऊ. तेच भोक लांब आणि बारीक करून दिलं की आपण त्याला 'थ्री ट्रॅक स्लायडिंग' म्हणतो आणि वर खूश होतो.

मी फोमची चिकटपट्टी मागवली. सगळ्या फटी बुजवल्या, वरच्या झरोक्यालाही पुठ्ठा लावला. उदबत्तीचा धूर सरळ! आजीनं पाठीवरून हात फिरवला, मी बग क्लोज करून पुण्याला परत.

डिसेंबरात पारा उतरला. आमच्या भागात थंडीची बातमी म्हणजे परभणीच्या कृषी विद्यापीठात नोंदलेलं तापमान. ते दरवर्षी कधी ना कधी एक आकडी होतंच, काही वर्षी तर पाचाच्याही खाली गेलंय. वारा बंद झाला होता, पण डोक्यावरचा स्लॅब आणि उत्तरेची भिंत रात्रभर गार. आजीला कापरं भरलं. पप्पांनी लोखंडी शेगडीत कोळसे फुलवले, तिच्या खोलीत ठेवले आणि ऊब टिकावी म्हणून दार ओढून घेतलं. सकाळी आईनं हाका मारल्या, आजीनं डोळे उघडले नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न: "रात्री खोलीत काय पेटवलं होतं?" ऑक्सिजन लावला. दुपारनंतर आजी नीट बोलायला लागली, संध्याकाळी चहा मागितला. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. माणूस गुदमरून उठत नाही, नुसताच झोपून राहतो.

मला नंतर कळलं की पप्पा आधीच्या हिवाळ्यांतही अधूनमधून शेगडी ठेवायचे. म्हणजे ज्या गळक्या खिडकीनं आजीला तीन वर्षं छळलं, तीच तिला वाचवतही होती. आणि ती मी बुजवली. न विचारता. सॉफ्टवेअरमध्ये याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे, इथे प्रॉडक्शनवर माझी आजी होती.

तेव्हा "चूक तुझीच" असं कुणी म्हणणार असेल तर मान्य. अर्धी माझी. उरलेल्या अर्ध्या चुकीबद्दल मला भांडायचंय.

पहिलं भांडण 'आपल्याकडे कुठे थंडी' वाल्यांशी. त्या आठवड्यात मी आजीच्या खोलीत थर्मामीटर ठेवला. पहाटे पाचला १५ अंश. थंड आणि समशीतोष्ण देशांतल्या घरांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत किमान १८ अंश सांगितलेत. आपण 'थंड देश' नाही म्हणून आपली म्हातारी माणसं १५ अंशांत झोपू शकतात की काय? २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये १३ देशांचा मोठा अभ्यास आला होता. त्यात उष्णतेपेक्षा थंडीशी जोडलेले मृत्यू कितीतरी जास्त निघाले, आणि तेही बर्फाळ थंडीत कमी, बेताच्या थंडीत जास्त. त्या १३ देशांत थायलंड आणि ब्राझीलही होते. बेताच्या थंडीची कुणी तयारी करत नाही, हेच तिचं दुखणं. शिमल्यातला माणूस हिवाळ्यासाठी घर बांधतो. नांदेड-लातूरचा माणूस हिवाळा सोसतो आणि संक्रांतीनंतर विसरतो.

दुसरं भांडण 'हीटर घेऊन टाक ना' वाल्यांशी. दोन हजार वॉटचा हीटर आठ तास म्हणजे १६ युनिट. युनिटला दहा रुपये धरा, रात्रीचे १६० रुपये. साठ रात्रींचे ९,६०० रुपये, एका खोलीचे, आणि यातली बरीचशी ऊब फटीतून आणि स्लॅबमधून बाहेरची हवा तापवायला. गळक्या टाकीत मोटार लावून पाणी सोडत राहण्यासारखंच की हे.

तिसरं भांडण जरा अवघड आहे, कारण ते आपल्याच आठवणींशी आहे. हिवाळा आला की माळवदाच्या घरांचे फोटो फिरायला लागतात. 'आपले पूर्वज किती शहाणे', दगडी भिंती, मातीचं छत, उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. खरं आहे. जाड माती दिवसाचं ऊन धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. पण आजीसमोर हे म्हणून बघा.

लाकडी सरे, त्यावर फळ्या, त्यावर पांढरी माती, आणि गळू नये म्हणून पावसाळ्याआधी पुन्हा मातीचा थर, वर्षानुवर्षं. दहा बाय बाराच्या खोलीवर नुसती दीड फूट माती धरली तरी आठेक टन होतात. आठ टन, झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर, आणि खाली मातीत रचलेल्या दगडी भिंती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली, बहुतेक आपल्याच घरांच्या दगड-मातीखाली. आजीच्या घराची मागची खोली बसली, घरातली माणसं वाचली. तो हिवाळा त्यांनी पत्र्याखाली काढला. कुडकुडत, पण उरलेल्या घरात पाऊल न टाकता. "गारठ्यानं मानूस कापतंय, पर मरत न्हाई लेका. माळवदानं मारलं," असं ती म्हणते. त्यामुळे जुनी घरं परत आणा हा शहाणपणा मला कुणी शिकवू नये.

पण मग झालं काय, तर घर पडू नये ही एकच परीक्षा उरली. ५२ गावं पूर्णपणे दुसरीकडे वसवली गेली, भक्कम घरं आली, जिथे ती आली नाहीत तिथे माळवद उतरवून पत्रे आले. त्या वेळी तेच बरोबर होतं. पण त्याला तीस वर्षं उलटून गेली, लातूर-नांदेडात टॉवर उभे राहिले, आणि आपण अजून तिथेच. उघडा स्लॅब म्हणजे सुधारणा, पातळ भिंत म्हणजे जास्त कार्पेट एरिया, काचेची मोठी खिडकी म्हणजे स्टँडर्ड. जणू मराठवाड्यातल्या माणसाला निवड करायची आहे, सुरक्षित घर की उबदार घर!

ही निवड खोटी आहे, आणि हे मला आजीनंच दाखवलं. येळवशीला आम्ही तिला गावाकडे शेतात घेऊन गेलो. (पुणेकरांसाठी: वेळा अमावस्या. लातूर, धाराशिवकडे त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात. भज्जी, आंबील, आणि पांडवांच्या पूजेसाठी कडब्याची कोप.) सकाळी मोकळ्या रानात बोचरा वारा होता. आजी कोपीच्या तोंडाशी सरकून बसली आणि म्हणाली, "हितं बस आरं, तुज्या फ्ल्याटापरास ऊब हाय."

चार पेंढ्यांची कोप! तिचं वजन किती? पण कडब्याच्या धाटांत आणि मधल्या जागेत हवा अडकून थांबते, आणि थांबलेली हवा उष्णता सहजासहजी जाऊ देत नाही. गोधडीचं तेच, स्वेटरचं तेच. माळवदाची ऊब वजनातून यायची म्हणून ते जीवघेणं होतं. थांबलेल्या हवेला वजन लागत नाही.

आणि हे आज बाजारात मिळतं. एएसी ब्लॉकमध्ये बारीक बुडबुड्यांत हवाच अडकवलेली असते. तो विटेच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा, आणि उष्णता विटेपेक्षा कितीतरी कमी जाऊ देतो. भूकंपाच्या प्रदेशात हलकं बांधकाम हवंच असतं, म्हणजे एकाच ब्लॉकमध्ये दोन्ही कामं. छताचंही तसंच. ऊर्जा दक्षता ब्युरोनं २०१८ साली 'इको निवास संहिता' काढली. तिच्यात छतातून उष्णता किती जावी याची मर्यादा आहे, दर चौरस मीटरला दर अंशाला १.२ वॉट. आपल्या नुसत्या पाच-सहा इंची स्लॅबचा हाच आकडा तीनच्या वर जातो. ही संहिता लिहिली गेली मुख्यतः उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून, पण जे छत मे महिन्यात ऊन आत येऊ देत नाही तेच डिसेंबरात ऊब बाहेर जाऊ देत नाही. एकच दुरुस्ती, दोन ऋतू.

हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडलं. गच्चीवर इन्सुलेशन करू, पाचव्या मजल्यावाले जास्त वाटा उचलतील. उत्तर आलं, "दोन महिन्यांचा प्रश्न आहे हो, कशाला एवढा खर्च." हेच लोक एप्रिलपासून एसीच्या बिलावर रडतात. बिल्डरला खिडकीबद्दल विचारलं तर म्हणाला, "साहेब, स्लायडिंग असंच असतंय." असंच नसतंय! नीट ब्रश लावला, चौकटीची भेग भरली तर स्लायडिंगही बरंच बंद होतं. दारासारखी उघडणारी, रबरावर दाबून बसणारी खिडकी तर त्याहून चांगली.

आणि सगळ्यात मोठं भांडण आपल्याशी. तुमच्या-माझ्या वयाची मंडळी. आपण वाकडला, हिंजवडीला फ्लॅट बघतो, गावाकडे आईवडिलांसाठी बुक करतो. आपण काय विचारतो? क्लबहाऊस आहे का, पार्किंग किती, लॉबीला इटालियन मार्बल आहे का. मी स्वतः यापेक्षा वेगळं काही विचारलं नव्हतं. बाहेरची भिंत कशाची आणि किती इंचांची? वरच्या मजल्याच्या छतावर स्लॅबखेरीज काय आहे? बंद खिडकीपाशी उदबत्ती धरू का? हे तीन प्रश्न सॅम्पल फ्लॅटमध्ये उभं राहून दहा जणांनी विचारले तर अकराव्याच्या वेळी सेल्सवाल्याकडे उत्तर तयार असेल. विकत घेणारा विचारत नाही तोवर कुठलीही संहिता कागदावरच राहणार.

आता कुणी म्हणेल, फटी बुजवल्यामुळेच तर आजी मरता मरता वाचली, मग घट्ट खिडक्या कशाला? कारण घरात ताजी हवा हवीच, पण ती कुठून आणि कधी यावी हे आपण ठरवायचं. आजीच्या खोलीचा झरोका मी परत उघडला. तिच्या पलंगापासून लांब, उंचावर आहे, थोडी हवा तिथून येते. खिडकी बदलली, रबरवाली. गच्चीचं अडलंय म्हणून सध्या तिच्या खोलीला आतून फॉल्स सिलिंगच्या वर इन्सुलेशनचे बोर्ड टाकून घेतले. परवा आईला पहाटेचं तापमान बघायला सांगितलं, साडेअठरा.

आणि हे वाचून कुणी रविवारी घरी फटी बुजवायला बसणार असेल तर आधी आईवडिलांना फोन करून विचारा, रात्री खोलीत काही पेटवता का? गॅस गिझर आत आहे का? असेल तर आधी ते बाहेर काढा, मग चिकटपट्टी घ्या. कोळसा बंद खोलीत नको, खिडकी किलकिली ठेवूनही नको.

आमची शेगडी आता गच्चीवर असते. संध्याकाळी पप्पा तिथे पेटवतात, शेजारचे दोघे-तिघे येऊन बसतात. 'दोन महिन्यांचा प्रश्न' म्हणणारे काकाही असतात त्यात, सगळ्यात पुढे, हात शेकत.