मास्क तोंडावर, हवा मात्र फटीतून!

ऑक्टोबर २०२१. राज्यात करोनाची दुसरी लाट ओसरली होती, तरी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील ६१ गावे पुन्हा कुलूपबंद करावी लागली. त्या दोन वर्षांत चौकाचौकांत 'विनामास्क' फिरणाऱ्यांच्या पावत्या फाडल्या गेल्या. ज्यांच्या तोंडावर मास्क होता ते सुटले. तो गालापाशी फुगलेला आहे का, नाकाच्या दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी फट आहे का, हे कोणी पाहिले नाही. पाहायचे असते, हेच ठाऊक नव्हते.

करोना मागे पडला, पण मास्कची गरज संपलेली नाही. अहिल्यानगर हा साखरेचा जिल्हा. सहकारी साखर कारखानदारीचा श्रीगणेशाच इथे, प्रवरानगरला झाला. गाळप हंगामात बगॅसच्या ढिगाऱ्यापाशी राबणाऱ्याच्या नाकात काय जाते, हे तिथे पाच मिनिटे उभे राहिल्यावर कळते. साठवून ठेवलेल्या ओलसर बगॅसला बुरशी धरते आणि तिच्या धुळीने फुप्फुसाचा 'बगॅसोसिस' हा आजार होतो. खडी क्रशरवर दगडाची धूळ, मार्केट यार्डात हमाल-मापाड्यांच्या वाट्याला धान्याचा कोंडा, क्षयरोग्याच्या घरी जाणाऱ्या आशाताईंपुढे जंतूंचा धोका. या सगळ्यांच्या हाती मास्क दिला की जबाबदारी संपली, असे मानले जाते. प्रश्न नेमका इथेच आहे.

गळती कुठून होते?

पाणी जसे उताराकडे धावते, तशी हवा कमी अडथळ्याच्या वाटेने जाते. मास्कचे कापड जितके दाट, तितका श्वास ओढताना अडथळा अधिक. मग कडेला फट असेल तर हवा कापड सोडून तिथूनच आत शिरते. एन-९५ मास्क ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो, हे खरे. पण ही कसोटी कापडाची आहे, चेहऱ्यावर बसलेल्या मास्कची नव्हे. म्हणजे महागडा मास्क सैल बसला, तर पैसे कापडाचे मोजले आणि श्वास फटीतून घेतला.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने (सीडीसी) फेब्रुवारी २०२१ मध्ये पुतळ्यांच्या डोक्यांवर केलेले प्रयोग जाहीर केले. साध्या सर्जिकल मास्कने कृत्रिम खोकल्यातील ४२ टक्के कण अडवले. त्यावर कापडी मास्क चढवताच हे प्रमाण ९२.५ टक्क्यांवर गेले. वरचा मास्क खालच्याच्या कडा गालाला दाबून धरतो, हे त्यामागचे मोठे कारण. दुसरा उपाय तर फुकटचा. कानाच्या दोऱ्या जिथे मास्कला जोडलेल्या असतात तिथेच त्यांना गाठ मारायची आणि बाजूला उरलेली चुणी आत दुमडायची. समोरचा विनामास्क असतानाही अशा मास्कने कणांचा संपर्क ६४.५ टक्क्यांनी घटला. दोघांनीही तसाच लावल्यावर ९५.९ टक्क्यांनी. प्रयोगशाळेतले पुतळे मान हलवत नाहीत, घामही गाळत नाहीत, हे लक्षात ठेवूनही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

कडू चवीची परीक्षा

नाकावरची पट्टी बहुतेक जण एका हाताच्या चिमटीने दाबतात. त्याने मधोमध टोक येते आणि दोन्ही बाजूंना पोकळी राहते. दोन्ही हातांच्या बोटांनी ती मधून गालांकडे दाबत न्यायला हवी. मग तळव्यांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडावा. डोळ्यांपाशी किंवा गालावर हवा जाणवली, तर फट आहे. श्वास आत ओढताना मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. चष्म्यावर वाफ धरणे ही याच बिघाडाची रोजची खूण. कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे दोन पट्टे मास्क जास्त घट्ट धरतात. पण ते केस विस्कटतात म्हणून नकोसे वाटतात, हेही तितकेच खरे.

ही झाली रोजची तपासणी. खरी परीक्षा वेगळी असते. मास्क घातलेल्या माणसाच्या डोक्यावर टोपडे चढवून आत कडू द्रावण फवारतात. त्याला मान वळवायला, वाकायला, बोलायला लावतात. जिभेला कडू लागले की मास्क नापास! अमेरिकेत असा घट्ट बसणारा मास्क कामासाठी सक्तीचा असेल, तर ही चाचणी दरवर्षी करावी लागते. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. ज्या कारखान्यात हंगामाआधी यंत्रांची डागडुजी नेमाने होते, तिथे कामगारांच्या मास्कसाठी एक दिवस काढणे अवघड नाही. सध्याचा रिवाज मात्र खोके वाटून सही घेण्याचा, आणि तोही एकाच मापाचा. उभट चेहऱ्याचा तरुण आणि लहान चणीची आशाताई यांना एकच मास्क नीट बसेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

दाढीचे काय? खुंटसुद्धा कडेची पकड सोडवतात. दाढी ठेवणाऱ्या शीख डॉक्टरांसाठी ब्रिटनमध्ये २०२० साली एक तोडगा तपासला गेला. हनुवटीखालून रबरी पट्टा गुंडाळून डोक्यावर बांधायचा आणि त्यावर मास्क चढवायचा. २७ पैकी २५ जण चाचणीत उत्तीर्ण झाले. दाढी राखण्याची हौस असलेल्या इथल्या तरुण कामगारांना काढायला लावण्यापेक्षा हे सोपे.

एक सावधगिरी मात्र हवी. डाळिंबावर किंवा कपाशीवर औषध फवारताना एन-९५ पुरेसा नाही. तो कण अडवतो, वाफ नाही; त्यासाठी वाफ शोषणारे डबे बसवलेला रबरी मुखवटाच लागतो. आणि तोंडाला बांधलेला रुमाल किंवा उपरणे यांना तर कडेची पकडच नसते.