पेपर पाठवण्याआधी विचारा, यादी कोणाची?

पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींच्या आणि नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲपवर एका ठरावीक साच्याचा मेसेज येत असतो. 'कॉल फॉर पेपर्स. आंतरराष्ट्रीय जर्नल. पीअर रिव्ह्यूड. आयएसएसएन आहे. सर्व विषय, सर्व भाषा. 48 तासांत प्रकाशन, सोबत ई-सर्टिफिकेट. फी फक्त 1,500 रुपये.' खाली क्यूआर कोड असतो. बढतीच्या गुणांसाठी पेपर मोजले जातात, मुलाखतीत पेपर विचारले जातात, त्यामुळे हा मेसेज पाहून हात शिवशिवतात. माझी विनंती एवढीच, की पैसे पाठवण्याआधी थोडा वेळ थांबा. घरून पैसे देणाऱ्या आईवडिलांनीही हे वाचावे.

आधी तो मेसेजच नीट वाचू. शोधनिबंध तपासायचा म्हणजे त्या विषयातल्या किमान दोन जाणकारांनी तो वाचायचा, शंका काढायच्या, लेखकाने दुरुस्त करायचा आणि बहुधा पुन्हा पाठवायचा. याला काही आठवडे तरी जातातच, अनेकदा काही महिने. 48 तासांत छापतो म्हणणारा माणूस निबंध वाचत नाही, एवढे धरून चाला. 'सर्व विषय' हाही तसाच इशारा आहे. संत साहित्य, भूजल आणि जीएसटी या तिन्हींवरचे निबंध पारखणारे संपादक मंडळ दोन खोल्यांच्या कचेरीत बसत नसते. आणि आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ आकड्यांचा क्रमांक आहे, बाकी काही नाही. गाडीला नंबरप्लेट आहे म्हणून तिचे ब्रेक चांगले आहेत असे आपण म्हणत नाही. हा क्रमांक देणारी यंत्रणा आतला मजकूर तपासत नाही, तसा तिचा दावाही नाही.

यात इंटरनेटचा दोष नाही. फी घेणे हाही आपोआप गुन्हा ठरत नाही. 1991 साली भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्सपार्ग यांनी अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत 'अर्काइव्ह' हे निबंधांचे ऑनलाइन भांडार सुरू केले, तेव्हापासून भौतिकशास्त्राचे निबंध जगात कोणालाही फुकट वाचता येऊ लागले. 2002 साली बुडापेस्टच्या जाहीरनाम्यात ज्ञान सर्वांना खुले असावे अशी मागणी झाली. वाचकाकडून वर्गणी घ्यायची नाही, तर खर्च कुठून भागवायचा? काही जर्नलांना विद्यापीठे आणि संस्था पोसतात, काही लेखकाकडून शुल्क घेतात. यातल्या दुसऱ्या वाटेने नेक संपादक आले, तसे भामटेही आले. छापखाना नको, कागद नको, एक संकेतस्थळ उघडले की झाले.

म्हणूनच सूच्यांचे महत्त्व वाढले. मराठी वाचकाला सूचीची किंमत नव्याने सांगायला नको. 1800 ते 1937 या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची शंकर गणेश दाते यांनी केली आणि आजही अभ्यासक एखाद्या जुन्या पुस्तकासाठी आधी दाते सूची उघडतात. इलेक्ट्रॉनिक प्रकाशनाच्या क्षेत्रात अमेरिकेतल्या ह्यूस्टन विद्यापीठाचे ग्रंथपाल चार्ल्स बेली यांनी 1996 साली असेच काम हाती घेतले. शास्त्रीय लेखन इंटरनेटवर कसे येते, त्याचे हक्क कोणाकडे राहतात, ते टिकते कसे, यावरच्या लेखांची आणि पुस्तकांची सूची त्यांनी इंटरनेटवरच फुकट ठेवली आणि वर्षानुवर्षे तिच्यात भर घातली. ही सूची निवडक आहे आणि इंग्रजी लेखनापुरती आहे, हे ते सुरुवातीलाच सांगतात. सूचीत काय घेतले आणि काय नाही हे सांगणाऱ्या सूचिकारावर माझा विश्वास बसतो. दोन्ही सूच्यांमागे माणसाचे नाव आहे आणि जबाबदारीही.

जर्नलांच्या यादीलाही हाच प्रश्न विचारायचा. यादी कोणी केली आणि आत घेताना काय पाहिले? हा प्रश्न न विचारल्याचे परिणाम आपल्या देशाने भोगले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशींवरून हजारो जर्नले आली होती. संशोधक भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या काहींची तपासणी करून 2018 साली 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडले. शिफारशीने आलेल्या आणि इतर कुठल्या मोठ्या सूचीत नसलेल्या जर्नलांपैकी 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकतात, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी यूजीसीने 4,305 नावे काढून टाकली. पुढे पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या केंद्राच्या मदतीने 'यूजीसी-केअर' यादी आली. तिचाही वापर 2025 च्या फेब्रुवारीत यूजीसीने थांबवला. जर्नल पारखण्याचे काम आता संस्थांवर आणि अभ्यासकांवर आले आहे. तरीही 'यूजीसी केअर लिस्टेड' अशी पाटी लावून कोणी बोलावत असेल, तर ती जाहिरात शिळी आहे हे ओळखा.

मग करायचे काय? मोबाइल हातात घ्या आणि 'डायरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स' उघडा, तिला डीओएजे म्हणतात. 2003 साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठात सुरू झालेल्या या सूचीत आज वीस हजारांहून जास्त जर्नले आहेत आणि ती पाहायला पैसे लागत नाहीत. शोधाच्या चौकटीत जर्नलचे नाव घालू नका, आयएसएसएन घाला, कारण नावे सारखी असू शकतात. जर्नल सापडले की त्याच्या पानावर प्रकाशक कोण, लेखकाकडून शुल्क घेतात का, घेत असतील तर किती, निबंध कशा पद्धतीने तपासतात आणि छापायला साधारण किती आठवडे लागतात, हे लिहिलेले असते. ते मेसेजशी ताडून पाहा. मेसेजमध्ये 48 तास आणि इथे अनेक आठवडे असतील, तर कोणीतरी खऱ्या जर्नलच्या नावाने दुकान मांडले आहे. अशी नकली संकेतस्थळे खरोखर असतात. म्हणून निबंध पाठवताना डीओएजेच्या पानावरच्या दुव्यानेच जर्नलवर जा, मेसेजमधल्या दुव्याने नको. आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या सूचीतली बहुसंख्य जर्नले लेखकाकडून एक पैसाही घेत नाहीत. पेपर छापायचा म्हणजे पैसे मोजायचेच, ही समजूत मनातून काढून टाका.

डीओएजेमध्ये नाव नाही म्हणजे जर्नल वाईट, असे मात्र मुळीच नाही. वर्गणीवर चालणारी जर्नले तिथे घेतच नाहीत आणि मराठीतली जाणती नियतकालिके अशा सूच्यांत क्वचितच दिसतात. मराठी अभ्यास परिषदेचे 'भाषा आणि जीवन' किंवा वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे 'नवभारत' यांची पारख त्यांचे अंक वाचूनच होते. ग्रंथालयात बसून मागचे काही अंक चाळा, लेखांच्या संदर्भांवर नजर टाका, संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकांना 'सर, आपण या मंडळावर आहात ना?' असे विचारा. भामट्या जर्नलांवर ज्यांची नावे असतात, त्यातल्या काहींना ते ठाऊकही नसते.

संदर्भ देतानाही हीच शिस्त पाळा. बहुतेक नव्या निबंधांना डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक असतो, तो 10 या आकड्यांनी सुरू होतो. डीओआय डॉट ऑर्गवर तो टाकला की मूळ निबंध उघडला पाहिजे. चॅटबॉटने दिलेले संदर्भ तर असे पडताळल्याशिवाय घेऊच नका. लेखकाचे नाव खरे, जर्नल खरे आणि निबंध मात्र अस्तित्वातच नाही, असे त्यात घडते. मूळ प्रबंध हवा असेल तर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचे 'शोधगंगा' हे संकेतस्थळ आहे. भारतीय विद्यापीठांचे लाखो प्रबंध तिथे घरबसल्या फुकट वाचता येतात, मराठीतलेही. आणि निबंध मागे घेतला गेलेला नाही ना, तेही पाहा. गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा निबंध 1998 साली 'लॅन्सेट'सारख्या नामांकित जर्नलात आला आणि 2010 साली तो मागे घेतला गेला. त्या बारा वर्षांत किती आईवडिलांनी लस टाळली असेल! असे रद्द झालेले निबंध 'रिट्रॅक्शन वॉच'च्या सूचीत शोधता येतात, आणि तीही सर्वांना खुली आहे.

पैसे आधीच भरले असतील आणि निबंध अजून छापला नसेल, तर ईमेल करून तो लेखी मागे घ्या. मागे घेण्यासाठी आणखी पैसे मागितले तर देऊ नका. सगळा पत्रव्यवहार जपून ठेवा, म्हणजे पुढे तोच निबंध चांगल्या जर्नलकडे पाठवताना काय घडले ते संपादकांना खुलेपणाने सांगता येईल. आणि गाईड सरांना, मॅडमना एक विनंती. विद्यार्थी पहिला मसुदा घेऊन येतो, त्याच दिवशी त्याला ग्रंथपालांकडे पाठवा आणि तीन जर्नलांची नावे त्याने स्वतः तपासून, प्रत्येकाची कारणे लिहून आणावीत असे सांगा.