न दिसणारी किल्ली

मराठींतील ‘आगळ’ हा शब्द संस्कृत ‘अर्गला’ या शब्दापासून आला आणि ‘कुलूप’ हा अरबी ‘कुफ्ल’ या शब्दापासून. शब्द कोठूनही आलेले असोत, वस्तूचा धर्म एकच होता: मनुष्यानें लावावें तेव्हां लागावें व काढावें तेव्हां निघावें. वर्धा, हिंगणघाट, आर्वी येथील अनेक घरांच्या अंगणांत आज ज्या मोटारी उभ्या दिसतात, त्यांच्या कुलपांनीं मात्र हा जुना धर्म सोडला आहे. किल्ली खिशांतून न काढतां दार उघडतें, आणि कोणी न सांगतां तें बंदही होतें. या सोयीचें कौतुक घरोघर होतें; तिचे नियम मात्र बहुधा एकट्या गाडी चालविणारासच ठाऊक असतात. एकत्र कुटुंबांत हें बरें नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम या यंत्राची रीत पाहूं. दाराच्या मुठीस हात लावला किंवा तिच्यावरील कळ दाबली कीं, मोटार एक क्षीण बिनतारी लहर सोडते. किल्ली दोन-तीन हातांच्या आंत असेल तर ती आपली सांकेतिक खूण उलट पाठविते. खूण जुळली कीं कुलूप निघतें. म्हणजे कुलपास मालक ओळखतां येत नाहीं. त्यास केवळ किल्लीचें सान्निध्य कळतें. सर्व घोटाळ्यांचें मूळ येथेंच आहे.

समजा, चिरंजीव वर्धा स्टेशनवर गाडी चालू ठेवूनच उतरले, किल्ली त्यांच्या खिशांत राहिली, आणि सूनबाई गाडी घेऊन हिंगणघाटास निघाल्या. गाडी सूचना देईल, पण बहुधा थांबणार नाहीं. हिंगणघाटास एकदां बंद केल्यावर मात्र ती पुन्हां चालू होणार नाहीं. दुरून कळ दाबून कुलूप काढलें आणि अर्ध्या मिनिटांत कोणी दार उघडलें नाहीं, तर पुष्कळ गाड्या पुन्हां स्वतःस कुलूप लावून घेतात. किल्लींतील नाण्याएवढी बॅटरी संपली म्हणजे तर दारच उघडेना होतें. अशा वेळीं त्या किल्लीच्याच पोटांत लपविलेली साधी धातूची किल्ली उपयोगी पडते. ती कशी काढावी व दारांत कोठें घालावी, हें घरांतील किती जणांस माहीत आहे?

येथवरचे प्रकार गैरसोयीचे झाले. पुढील प्रकार जिवावरचा आहे. आमच्या विदर्भांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. उन्हांत बंद ठेवलेल्या मोटारींतील उष्णता अर्ध्या तासांत बाहेरच्याहून वीसएक अंशांनीं वाढूं शकते. कांच बोटभर उघडी ठेवल्यानें फारसा फरक पडत नाहीं. लहान मुलाचें शरीर मोठ्या माणसाच्या मानानें कितीतरी लवकर तापतें. २०२३ च्या जूनमध्यें नागपुरांत पांचपावली भागांत बेपत्ता झालेलीं तीन बालकें घराजवळच उभ्या असलेल्या मोटारींत मृतावस्थेंत सांपडलीं. तीं आंत जाऊं शकलीं, बाहेर येऊं शकलीं नाहींत. इतका शोध चाललेला असतांना तीं होतीं हाकेच्या अंतरावर!

कोणी म्हणेल, मग जुनी किल्लीच बरी. आम्हांस तसें वाटत नाहीं. ताशी १५-२० किलोमीटर वेग येतांच कित्येक गाड्या दारें आपोआप लावतात, त्यामुळें चालत्या गाडींतून मूल पडण्याचें भय टळतें. आणि अपघाताचा धक्का बसतांच कुलपें काढणारी योजनाही अनेक गाड्यांत असते. वीज गेली तरी दार हातानें उघडतां यावें, असा नियम आपल्या सरकारनें १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींस लागू केला आहे. यंत्रांत दोष नाहीं. त्यास नियम आहेत, विवेक नाहीं, इतकेंच. तो विवेक घरानें पुरवावा.

यास्तव अंगणांतील गाडीस, ती नादुरुस्त असली तरी, सदैव कुलूप असावें आणि किल्ली मुलांच्या हातीं लागेल अशा खुंटीवर नसावी. मागील दारांस मुलांसाठीं वेगळा खटका असतो. तो लावला असतां तीं दारें आंतून उघडत नाहींत. म्हणून जाणत्या मुलांस पुढच्या आसनावर येऊन दार कसें उघडावें व भोंगा कसा वाजवावा, हें प्रत्यक्ष करून दाखवावें. केळझरच्या गणपतीस गेल्यावर, पाय दुखतात म्हणून गाडींतच बसलेल्या आजींस कुलूप लावून कोणी जाऊं नये. मूल दिसेनासें झालें तर विहिरीबरोबरच प्रथम प्रत्येक मोटार, तिच्या सामानाच्या कप्प्यासह, पाहावी. आणि आंत मूल अडकलेलें दिसलें, तर किल्लीची वाट पाहत न बसतां त्याच्यापासून दूरची कांच फोडावी. कांच बाजारांत पुन्हां मिळते.