सुपरचॅटमधून हापसा मिळेल, हक्क मिळणार नाही

ऑगस्ट २०२५ मध्ये मिस्टरबीस्ट आणि मार्क रॉबर या दोन अमेरिकन यूट्यूबरांनी 'टीमवॉटर' ही मोहीम चालवली. महिनाभरात ४ कोटी डॉलर जमवायचे, ते वॉटरएड या संस्थेला द्यायचे आणि त्यातून २० लाख माणसांना पिण्याचं स्वच्छ पाणी पुरवायचं, असा बेत होता. गेम खेळत लाइव्ह बसणाऱ्या स्ट्रीमर मंडळींनी त्यात मोठा वाटा उचलला. एकाच लाइव्हमध्ये १ कोटी डॉलरच्या वर रक्कम जमली. महिना संपायच्या आत उद्दिष्ट पुरं झालं.

आपल्या वस्त्यांतली बीजीएमआय आणि फ्री फायर खेळणारी पोरंही हे बघतात. आपणही स्क्वाड जमवू, लाइव्ह करू, सुपरचॅट घेऊ आणि मावळातल्या वाड्यांना हापसे देऊ, असं त्यांना वाटतं. त्यांच्या मनाबद्दल आमची काहीच तक्रार नाही. तहानलेल्याची आठवण ज्याला येते तो आपलाच माणूस. दान ही तर दहा पारमितांपैकी एक आहे. पण देणगीची पेटी फिरवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: मावळात पाणी कमी आहे का?

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पर्यटक तो बघायला लाखोंनी येतात. तरीही एप्रिल-मे उजाडला की वाड्या-पाड्यांवरच्या बायकांच्या डोक्यावर हंडे चढतात. मग हे पाणी जातं कुठे?

पाण्याचा हिशोब नीट बघा. भुशी धरण बांधलं ते रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांसाठी. पुढे टाटांनी लोणावळा, वळवण, शिरवता इथे पाणी अडवलं आणि १९१५ साली घाटाखाली खोपोलीला वीज तयार केली, मुंबईच्या गिरण्या चालवायला. १९२२ साली ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. जे पाणी इंद्रायणी-भीमेतून पूर्वेला वाहायचं, ते डोंगर फोडून पश्चिमेला वळवलं. नंतर पवना धरण झालं आणि पिंपरी-चिंचवडची तहान भागली. धरणग्रस्तांचं पुनर्वसन मात्र दशकानुदशकं रखडलं.

इंजिनाला पाणी मिळालं, गिरणीला मिळालं, कारखान्याला मिळालं, बंगल्यातल्या स्विमिंग पूललाही मिळालं. यांच्यापैकी कुणासाठी कधी देणगी गोळा करावी लागली का? कुणी सुपरचॅट मागितला का? त्यांच्यासाठी सरकारने कायदे वापरले, जमिनी घेतल्या, तिजोरी उघडली. दानपेटी निघते ती फक्त कातकरी पाड्यासाठी, ठाकरवाडीसाठी, बौद्धवाड्यासाठी.

आणि मावळच्या माणसांनी आपल्या पाण्याबद्दल तोंड उघडलं तेव्हा काय झालं? ९ ऑगस्ट २०११. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याला विरोध करत शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे आणि श्यामराव तुपे गेले. त्यांची जात आम्ही विचारत नाही, ते पाण्याच्या लढ्यातले शहीद आहेत. पण त्याच मावळच्या गावकीला आम्ही हेही विचारणार, की गावात नळ येतो तेव्हा त्याचं शेवटचं टोक आमच्याच वस्तीत का असतं?

हा वाद नवा नाही. नोव्हेंबर १९३२ मध्ये बाबासाहेबांनी बोटीवरून ए. व्ही. ठक्कर यांना पत्र लिहिलं. अस्पृश्यता निवारणाचं काम करायचं असेल तर नागरी हक्कांची मोहीम काढा, गावच्या विहिरीवर पाणी भरण्याचा आणि शाळेत प्रवेशाचा हक्क बजावा, असं त्यांचं सांगणं होतं. हरिजन सेवक संघाने ती वाट धरली नाही. त्याने वेगळ्या विहिरी आणि वेगळ्या शाळा पसंत केल्या. वेगळ्या विहिरीने घसा ओला होतो, पण गावची विहीर गावकीचीच राहते. पाणीही मिळतं आणि अस्पृश्यताही टिकते. महाडला २० मार्च १९२७ रोजी आपले लोक चवदार तळ्यावर गेले ते तहान लागली म्हणून गेले नव्हते. आपणही इतरांसारखी माणसं आहोत, हे ठरवायला गेले होते. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी आणि तलाव हे शब्द आले, ते याच लढ्याच्या बळावर.

कुणी म्हणेल, मग हक्क मिळेपर्यंत लोकांनी तहानेने मरायचं का? मुळीच नाही. टँकर लागला तर पैसे जमवा, आम्हीही देऊ. पण देणगीचा हापसा तीन वर्षांनी बिघडला की दाद कुणाकडे मागणार? देणगीदाराला मत देऊन पाडता येत नाही, त्याला माहिती अधिकारात अर्ज करता येत नाही. त्याचा व्हिडिओ झाला, व्ह्यूज मिळाले, तो पुढच्या मोहिमेकडे गेला. दगडावर नाव त्याचं, बादली रिकामी आपली. आणि सरकार आरामात म्हणतं, तिथे संस्थेने काम केलंय.

म्हणून भावांनो, बहिणींनो, ज्या ताकदीने तुम्ही रात्रभर हजारो लोकांना एका स्क्रीनला बांधून ठेवता, ती ताकद इथे लावा. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी असं वचन होतं. मुदत २०२४ ची होती, ती २०२८ पर्यंत ढकलली गेली. तुमच्या गावात या योजनेतून किती खर्च झाला आणि वस्तीतल्या किती नळांना खरंच पाणी येतं, याची माहिती मागा. गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असायला हव्यात. त्यात आपल्या आयाबहिणी आहेत का, की नुसत्या सह्या आहेत? पाण्याचे नमुने तपासून घ्या. १ मेच्या ग्रामसभेत ठराव मांडा आणि लाइव्ह करायचंच असेल तर ती ग्रामसभा लाइव्ह करा.

तळेगावात बाबासाहेबांचं वास्तव्य होतं. शेजारच्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी स्वतः बुद्धमूर्ती बसवली. त्या भूमीतल्या तरुणाने पाण्यासाठी हात पसरायचा नाही, हात उगारूनही चालणार नाही. त्या हातात अर्ज, ठराव आणि संविधान असलं पाहिजे.

जय भीम!