वाशीला माल नेता, तर एक दिवस थांबा

मंडळी, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी नवी मुंबई पाहिली आहे आणि पाहिलेलीही नाही. रात्री गाडी भरायची, पहाटे वाशीच्या बाजार आवारात माल उतरवायचा, सौदा झाला की पट्टी खिशात घालायची, एक वडापाव, एक चहा आणि परतीचा रस्ता. एवढेच आपले शहर. घरातल्या बायामाणसांना तर तेवढेही नाही. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि दाणा असे पाच बाजार इथे आहेत. राज्यातल्या शेतकऱ्याचा घाम जिथे तोलला जातो, ते गाव आहे तरी कसे, हे एकदा निवांत पाहायला काय हरकत आहे?

तेव्हा सुगी आटोपली की घरच्यांना घेऊन या. पुण्याकडून येणाऱ्या बहुतेक एस. टी. गाड्या कळंबोली, खारघर, बेलापूर, नेरूळ, वाशी असे थांबे घेतात. एकदा उतरलात की पुढे लोकल आहे. फक्त सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत म्हातारी माणसे घेऊन डब्यात शिरू नका.

मुले आधी विचारतील ते स्टेडियम. नेरूळला हमरस्त्याला लागूनच डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. ते २००८ मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना तिथे झाला. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामनाही इथेच झाला. पण आपल्या घरातल्या लेकींना सांगावा असा दिवस म्हणजे २ नोव्हेंबर २०२५. हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले आणि भारताच्या मुलींनी एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदाच जिंकला. शफाली वर्माने ८७ धावा काढल्या, दीप्ती शर्माने अर्धशतकही केले आणि पाच बळीही घेतले. आपल्या सांगलीची स्मृती मानधना सलामीला होती. तीनच दिवस आधी, याच मैदानावर, जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांनी ऑस्ट्रेलियासारखा संघ गारद झाला होता.

यात शेतकऱ्याच्या कानाला गोड लागेल अशी एक गोष्ट आहे. हे मैदान तयार करताना दोनशे टन माती दक्षिण आफ्रिकेहून आणली, असे सांगतात. पाऊस पडून गेला की लवकर वाफसा यावा, हा हेतू. अंतिम सामन्याच्या दिवशी पावसाने खेळ दोन तास खोळंबला, पण संध्याकाळी पाच वाजता सुरू झालाच. निचऱ्याची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको! सामना नसेल तेव्हा आत सोडतीलच असे नाही, बाहेरून तरी पाहून घ्या.

तिथून लोकलने बेलापूरला या. इथे एक किल्ला आहे म्हटले तर पुष्कळ नवी मुंबईकरही तोंडाकडे पाहतात. पनवेलच्या खाडीवर नजर ठेवायला सोळाव्या शतकात जंजिऱ्याच्या सिद्दीने तो बांधला. पुढे पोर्तुगीज, मग चिमाजी आप्पांच्या काळात मराठे आणि १८१७ मध्ये इंग्रज. किल्ला घेतला तर महादेवाला बेलाची माळ वाहीन असा चिमाजी आप्पांनी नवस केला होता, त्यावरून बेलापूर नाव पडले, अशी इथली आख्यायिका आहे. आता एखादा बुरूज आणि पडक्या भिंती एवढेच उरले आहे. जवळच महानगरपालिकेची टोलेजंग इमारत आणि उंच ध्वजस्तंभ. लोक इमारतीचे फोटो काढतात. बुरुजाकडे कोणी बघत नाही, याचे वाईट वाटते.

वेळ असेल तर बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेजही पाहा. चार्ल्स कोरिया या नामांकित वास्तुरचनाकाराने १९८० च्या दशकात ती वसाहत आखली. सात-सात बैठी घरे एका अंगणाभोवती. दोन घरांत सामाईक भिंत नाही, म्हणजे कुटुंब वाढले की ज्याने त्याने आपले घर वाढवावे. अनेकांनी मूळ घरे पाडून नवी बांधली आहेत, पण अंगणे अजून आहेत. गावातल्या बाईला ती जागा लगेच कळेल.

आता मुख्य गोष्ट. हे शहर माळावर उभे राहिलेले नाही. इथे भातशेती होती, मिठागरे होती, कोळीवाडे होते. खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे आणि जमीन गोडी करायची, हे इथल्या आगरी माणसाचे पिढ्यांचे कसब. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. मोबदला तुटपुंजा होता. शेकापचे नेते दि. बा. पाटील, उरणजवळच्या जासईचे, त्याविरुद्ध उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी पडले. त्यातून पुढे एक तत्त्व मान्य झाले: ज्याची जमीन घेतली, त्याला त्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत द्यायचा. नुसते पैसे देऊन वाटेला लावायचे नाही.

वाचकहो, तुमच्या शिवारातून उद्या महामार्ग किंवा औद्योगिक वसाहत जाणार असेल, तर या गावांत जाऊन बोला. जुहूगाव, शिरवणे, आग्रोळी, दिवाळे ही गावे उंच इमारतींच्या मधोमध अजून आहेत. भूखंड राखून ज्यांनी दुकान-गाळा केला, त्यांची घरे वेगळी दिसतात. बिल्डरला तो कागदावरच विकून ज्यांनी गाडी घेतली, त्यांची वेगळी. कोणाकडे काय राहिले आणि काय गेले, हे तिथली म्हातारी माणसे आडपडदा न ठेवता सांगतात. कागद कोणते मागितले, सह्या कुणाच्या झाल्या, बहिणींची नावे लागली की नाही, हे खोदून विचारा.

नवा विमानतळही याच जमिनीवर आहे. त्यासाठी दहा गावे उठली, उलव्याची टेकडी कापली, नदीचे पात्र वळवले. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमाने उडू लागली. त्याला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून २०२१ मध्ये भूमिपुत्र हजारोंनी रस्त्यावर उतरले होते.

२०२४ पासून नेरूळ आणि बेलापूरहून थेट उरणपर्यंत लोकल जाते. जासईला जायचे तर जानेवारीत जा. १६ आणि १७ तारखेला जासई आणि पागोटे इथे हुतात्म्यांना अभिवादन करायला गावोगावची माणसे येतात. थंडीचे दिवस असतात आणि खाडीवर रोहित पक्षीही आलेले असतात. मुलांची शाळा एक दिवस बुडाली तरी चालेल, त्यांना बरोबर न्या.