निरोपाचाही हक्क नाकारला तेव्हा…

घरून निघताना आपल्याकडे कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. नोकरीसाठी परगावी निघालेला मुलगा असो की सासरी निघालेली लेक, शब्द हाच. त्या एका शब्दाने परतीची वाट उघडी राहते आणि मागे राहणाऱ्यांनाही धीर येतो. पण ज्या बेटावर जन्म गेला ते कायमचे सोडताना एवढेही म्हणायची सोय राहिली नाही, अशा माणसांची ही हकिगत आहे.

भारताच्या दक्षिणेला, हिंदी महासागराच्या मध्यावर चागोस हा लहान लहान बेटांचा समूह आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी नारळाच्या लागवडीसाठी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणून तिथे वसवले. पुढे काही भारतीय मजूरही गेले. गुलामी संपली, राज्य इंग्रजांचे आले, पण माणसे तिथेच रुजली. खोबरे वाळवायचे, तेल काढायचे, मासे धरायचे. देऊळ म्हणा, चर्च म्हणा, ते तिथेच. लग्नेही तिथेच आणि वाडवडिलांच्या कबरीही तिथेच. मॉरिशसहून बोट येई, ती वाणसामान टाकून जाई.

या समूहातल्या पेरोस बान्योस इथे १९५३ साली लिझबी एलिझे यांचा जन्म झाला. प्रत्येकाला काम होते, ताजे अन्न होते, कशाची वाण नव्हती, असे त्या सांगतात.

मग दूरच्या राजधान्यांत हिशेब मांडले गेले. १९६५ मध्ये ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून तोडली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेशी करार केला. सगळ्यांत मोठे बेट दिएगो गार्सिया लष्करी तळासाठी हवे होते, आणि तेही रिकामे. पण तिथे तर दीड-दोन हजार माणसे राहत होती! तेव्हा कागदोपत्री त्यांना कंत्राटी मजूर ठरवण्यात आले. ज्याच्या पणजोबांची कबर त्या मातीत आहे, तो हंगामी मजूर कसा, हे विचारायला कोणी नव्हते.

औषधपाण्यासाठी मॉरिशसला गेलेल्यांना परतीची बोटच मिळेना. १९७१ मध्ये दिएगो गार्सिया रिकामे करताना लोकांची पाळीव कुत्रीसुद्धा मारून टाकण्यात आली. १९७३ मध्ये पेरोस बान्योसची पाळी आली.

लिझबी तेव्हा जेमतेम विशीच्या, चार महिन्यांच्या गरोदर. घरातले सगळे सामान तसेच टाकून, फक्त कपडे घेऊन बोटीवर चढायचा हुकूम झाला. बोट सुटली ती अंधारात. आपले बेट मागे पडताना आम्हाला दिसू नये म्हणूनच, असे लिझबी यांचे म्हणणे आहे. बोटीच्या तळाशी माणसे जनावरांसारखी कोंबलेली. चार दिवसांनी मॉरिशस आले. पुढे बाळ जन्मले, पण जगले नाही.

मॉरिशसमध्ये त्यांच्या वाट्याला आली ती गरिबी आणि झोपडपट्टी. नारळ फोडणाऱ्या हातांना शहरात काय काम मिळणार? चागोसच्या लोकांच्या बोलीत ‘साग्रेन’ असा एक शब्द आहे. घर तुटल्याचे खोल दुःख, असा त्याचा अर्थ. आपली कित्येक माणसे या साग्रेननेच गेली, असे ते मानतात.

मात्र ही माणसे रडत बसली नाहीत. रीटा बँकू, शार्लेझिया अलेक्सी, लिझेत तालात यांच्यासारख्या बायका रस्त्यावर उतरल्या, उपोषणाला बसल्या. रीटा यांचा मुलगा ऑलिव्हिए याने लंडनच्या न्यायालयात खटला लढवला. २००० साली तो जिंकला, पण २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल विरोधात दिला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर सप्टेंबर २०१८ मध्ये लिझबी यांचे निवेदन चित्रफितीवर ऐकवले गेले. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. पण जे भोगले ते सांगायला अक्षरे कशाला हवीत? फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने मत दिले, की बेटे तोडणे बेकायदा होते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये लिझबी पुन्हा पेरोस बान्योसच्या किनाऱ्यावर उतरल्या. गुडघे टेकून त्यांनी वाळूचे चुंबन घेतले. माडांच्या रानात हरवलेल्या पडक्या चर्चमधली झाडेझुडपे त्यांनी आणि सोबत्यांनी साफ केली. मात्र काही दिवसांतच पुन्हा बोटीवर चढावे लागले.

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशसने बेटांच्या हस्तांतराच्या करारावर सह्या केल्या. त्यात दिएगो गार्सिया सोडून इतर बेटांवर पुन्हा वस्ती करण्याची तरतूद होती. तळासाठी मात्र ९९ वर्षे राखून ठेवली होती. आम्हाला कोणी विचारलेच नाही, अशी चागोसच्या अनेकांची तक्रार होती, आणि ती खोटी म्हणता येणार नाही.

बदली होते, निवृत्ती येते, माणसे आवडती ठिकाणे सोडतात. डोळे भरून येतात, पण मागे वळून पाहता येते, शेजाऱ्यांचा हात हातात घेता येतो. एवढे सुख असले तर माणूस नव्या जागी पुन्हा उभा राहतो. ज्यांना अंधारात नेले, त्यांचा मात्र निरोप अजून राहूनच गेला आहे.